फोटोत नसलेले मामा

माझ्या धाकट्या मामांइतकी लग्नं पार पाडलेला आणि त्यांतल्या एकाही लग्नाच्या फोटोत नसलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. भाचा म्हणून नाही, फोटोग्राफर म्हणून सांगतो. कराडला चिकटून मलकापुरात माझा स्टुडिओ आहे आणि या भागातल्या कितीतरी संसारांचा श्रीगणेशा माझ्या कॅमेऱ्यासमोर झालेला आहे. त्या बहुतेक लग्नांत मामा होते. पण स्टेजवर नव्हे. मांडवाच्या मागं, आचाऱ्याच्या कढईपाशी, जनरेटरशेजारी, नाहीतर वरातीच्या घोड्याला वैरण पोचली का ते बघायला गेलेले. भटजींना चहा मिळाला का, नवरीच्या आजीला पंख्याखाली खुर्ची दिली का, रुसून उसाच्या फडाकडं निघालेल्या जावयाच्या मागं कुणी गेलं का, हे सगळं एकट्या मामांच्या डोक्यात असतं. त्यांना कुणी ते सोपवलेलं नसतं आणि मामांनी कुणाला विचारलेलंही नसतं. फक्त माझा कॅमेरा त्यांच्याकडं वळला की मामा खाली वाकतात. मांडवात खाली उचलण्यासारखं काही ना काही पडलेलं असतंच. त्यामुळं माझ्या अल्बमांमध्ये मामांचं कोपर आहे, खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक आहे, पाठ तर सढळ हाताने आहे. चेहरा तेवढा नाही.

दुसऱ्यांच्या लग्नाचं सोडा, मामा स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही नाहीत. मामी सांगलीकडच्या. त्यांच्या घरच्यांनी हौसेनं शहरातून फोटोग्राफर आणला होता. त्यानं दोन खुर्च्या मांडल्या, मामींना बसवलं, आणि नेमका तेवढ्यात भात करपल्याचा वास आला. नवरदेव उठले, डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसा, आणि मुंडावळ्या सावरत चुलाणाकडं धावले. भात वाचला. फोटोग्राफरला दुसऱ्या लग्नाची घाई होती, त्यानं बटण दाबलं. तो फोटो आजही त्यांच्या सोप्यात लावलेला आहे: एका खुर्चीवर शालू नेसलेल्या, भेदरलेल्या मामी आणि दुसऱ्या खुर्चीवर एक फेटा. नवीन माणूस घरात आला की तो फोटोकडं बघतो, मग मामींकडं बघतो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो.

पुढं मामा फौजेत गेले तेही रसद खात्यात. गोळी झाडणाऱ्यापेक्षा त्याच्यापर्यंत पीठ पोचवणारा मोठा, असं त्यांचं तेव्हापासूनचं मत. निवृत्तीच्या वेळी पलटणीचा एकत्र फोटो निघाला. बाकं मामांनी लावली, उंचीप्रमाणे माणसं मामांनी उभी केली आणि फोटो निघत असताना मामा चहाचं बघायला गेले होते. आता घरोघरी मोबाइल आले, तरी मामा सापडत नाहीत, कारण घोळका जमला की ते पुढं होऊन म्हणतात, "आना हिकडं, मी काडतो." अशा फोटोंत कोपऱ्यात एक जाडजूड अंगठा दिसतो, तो मामांचा. आधारकार्डावर त्यांचा फोटो आहे हे खरं, पण मामी तो मोजायला तयार नाहीत. "त्यो कोन बाबा हाय ते त्याचं त्याला ठावं," असं त्या म्हणतात, आणि कार्ड पाहिलं की त्यांचं म्हणणं पटतं.

मामींचं मात्र मला नेहमीच वाईट वाटत आलंय. त्या कराडला बाजाराला आल्या की स्टुडिओत डोकावतात आणि नव्या लग्नांचे फोटो मागतात. लग्न कुणाचं हे त्या विचारतही नाहीत. डोळ्यांजवळ धरून कडेकडेनं बघत जातात. मग एकदम थांबतात आणि बोट ठेवतात. "हे बग. हे कोपर त्यांचंच." आणि ते खरंच त्यांचं असतं. एकदा तर नुसती सावली ओळखली होती. जाताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "आरं, तुज्या मामाला चित्रात एकदा नीट समूर बगायचं हाय मला. माजी दुसरी काई मागनी न्हाई." मी हसण्यावारी नेलं खरं, पण त्या दिवशी दुपारभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

मामांची आणखी एक तऱ्हा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. लग्नपत्रिका हातात पडली की ते ती खालून वाचतात. वधूवर कोण, मुहूर्त कधी, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आधी व्यवस्थापक, मग कार्यवाहक, मग मंडपवाला, मग छपाई करणारा. कुणी राबणारा सुटला असेल तर यजमानाला फोन जातो. सिनेमाचंही तेच. सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं चपला शोधायला लागली की मामा खुर्चीत सरसावून बसतात आणि वर सरकणारी नावं बघू लागतात. झाडूवाला त्यांच्या पायाखालून झाडून जातो. मामी ओढायला लागल्या की म्हणतात, "बस की गं. खरं पिच्चर आत्ता सुरू झालंया."

अशा माणसाच्या दारात साक्षात एक महाप्रचंड सिनेमा येऊन उभा राहिला, तेव्हा काय झालं असेल! कोयनानगरच्या पुढं, जलाशयाच्या काठावर, कुठल्याशा हरवलेल्या खजिन्याच्या साहसकथेचं शूटिंग सुरू झालं. सगळ्या भाषांत येणारा सिनेमा होता, खर्चाला धरबंध नव्हता. घोड्यांना कडबा आणि गर्दीला माणसं पुरवणारा कुणीतरी हवा होता, म्हणून मामांना बोलावणं आलं. मामा कडबा घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. आला तो त्यांचा फोन. आवाज असा की मी मोबाइल कानापासून लांब धरला. "आरं गड्या, हितं लगीन हाय लगीन! आन नवरदेव सोडून समदी कामाला हायती! सोड तुजं दुकान आन ये!"

मी गेलो. घाटाची वळणं संपली आणि समोर जत्राच भरलेली दिसली. राहुट्या, क्रेन, घोडे, केबलांची भेंडोळी, आणि सगळ्यांच्या मधून टॉवेल उडवत पळणारे मामा. माझा हात धरून त्यांनी मला जे फिरवलं, ते लहानपणी जत्रेत मी त्यांना फिरवायचो तसं. "ह्यो बग," पाटी वाजवणाऱ्याकडं बोट करून ते म्हणाले, "ह्यो सावधान म्हननारा. ह्येनं वाजिवल्याबिगार अक्षता पडत न्हाईत. आन ती ताई बग, हिरोच्या दंडाला माती डाव्या अंगाला हुती का उजव्या, तेवडंच ध्यानात ठेवती. आपल्या थोरल्या आत्तीगत. कोन कुटल्या लग्नात कंचं लुगडं नेसलंवतं, समदं तोंडपाट!" कॅमेऱ्याच्या भिंगाची कडी फिरवणारा, धुराचं यंत्र चालवणारा, खोट्या जखमा रंगवणारी, नुसती झुडपं इकडून तिकडं हलवणारा, तलवारींवर गंज चढवणारा, प्रत्येकाची मामांनी माझ्याशी ओळख करून दिली, आणि प्रत्येक वेळी त्यांचे डोळे असे चमकत होते की ती माणसं त्यांच्याच घरची वाटावीत. कोयनेच्या खोऱ्यात धुक्याला काय तोटा? पण मामांना धुराच्या यंत्राचं कौतुक. "आपलं धुकं मनात आलं तर येतंय. ह्येंचं बटन दाबलं की हजर!" हिरोबद्दल विचारलं तर म्हणाले, "हाय की गाडीत निजलेला. नवरदेवाला काय काम आसतं? हुबं ऱ्हायचं आन हार घालून घ्यायचा."

मामांच्या उत्साहाला तिथं मोकळं रानच मिळालं होतं. आवाज टिपणारा एकजण लांब काठीच्या टोकाला केसाळ माइक लावून हिंडायचा. "काटीला मांजार बांदलंया," असं मामा सगळ्यांना सांगायचे. त्याला एकदा शांतता हवी होती. मामा वस्तीवर गेले आणि झाडून सगळ्या गाईम्हशींच्या गळ्यातल्या घंटांत फडकी कोंबून आले, कोंबडे डालग्याखाली घातले, आणि एका घरी सासूसुनेचं भांडण चाललं होतं ते शूटिंग संपेपर्यंत तहकूब करायला लावलं. दुसऱ्या वेळी कला विभागाला खोटे दगड धरणाच्या वसाहतीकडून सेटवर न्यायचे होते. गाडी येईना. मामांनी बैलाएवढा एक फायबरचा धोंडा खांद्यावर घेतला आणि कोयनानगरच्या बाजारातून चालत निघाले. ज्या गावात जमीन जरा हलली की माणसं डोंगराकडं बघतात, तिथं बैलाएवढा दगड घेऊन एक म्हातारा शीळ घालत चाललेला बघून चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. एका आजीनं हात जोडले. मामांनी मोकळा हात वर करून आशीर्वाद दिला, कारण दोन्ही हातांची गरजच नव्हती.

आणि मानपान! तो चुकेल तर ते मामा कसले. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्पीकर मागवला आणि पडद्यामागच्या एकेकाला पुढं बोलावून टॉवेल, टोपी, नारळ द्यायला सुरुवात केली. हिरोला वाटलं आपलाही नंबर लागेल. तो गाडीतून उतरून पुढं येऊन उभा राहिला, पण मामांनी जनरेटरवाल्याला बोलावलं. भिंगाची कडी फिरवणारा कुठल्यातरी दक्षिणेकडच्या गावचा होता. त्याच्या डोक्यावर मामांनी टोपी ठेवली तेव्हा तो गहिवरला, आणि पुढं शूटिंग संपेपर्यंत ती टोपी त्यानं उतरवली नाही.

आता मुख्य दिवस. जलाशयाच्या एका चिंचोळ्या फाट्यावर सुतारांनी जुनापुराणा दिसणारा लाकडी पूल बांधला होता. हिरोच्या वेशातला डुप्लिकेट घोडा फेकत पुलावरून येणार, त्याच्या मागं पूल पेटून कोसळणार आणि घोडा अलीकडच्या गवताच्या माळावरून कॅमेऱ्याकडं झेपावणार. पूल एकच, त्यामुळं शॉटही एकच. सेटवर सकाळपासून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. डुप्लिकेटचा फेटा मामांनी स्वतः बांधला होता, असा की वादळात हलू नये. पण मामा घोड्यांचं पाणी बघायला वळले आणि वेशभूषेच्या बाईंनी त्या फेट्याचा शेमला ओढून हातभर सोडला. घोडा धावताना तो मागं उडायला हवा, असं त्यांचं गणित. हे मामांना कुणी सांगितलं नाही.

पाटी वाजली. घोडा सुटला. पूल पेटला, आणि काय पेटला! आमच्या तोंडावर आच आली. मामा माझ्याशेजारी झुडपामागं बसले होते, डोळे भरून बघत होते. घोडा पूल उतरून माळावर आला आणि मला मामांची बोटं दंडात रुतलेली जाणवली. "फेटा सुटला," ते पुटपुटले. मी "मामा, नको" म्हणेपर्यंत ते उठले होते. नवरदेवाचा फेटा सुटलाय आणि मामा बसून राहिलेत, असं त्यांच्या हयातीत कधी झालेलं नाही. टॉवेल सावरत ते थेट माळाच्या मध्यात धावले, हात वर करून ओरडत, "आरं फेटा! फेटा सावर!" घोड्यानं त्यांना पाहिलं, एक झोल घेतला, त्यांना मोठा वळसा घातला आणि पुन्हा सरळ होऊन कॅमेऱ्याकडं गेला. मागं पूल धडधडत पाण्यात कोसळला. मामा माळावर एकटेच उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा सगळ्या कॅमेऱ्यांच्या अगदी समोर, आणि वाकायला खाली काहीही नव्हतं.

दिग्दर्शक डोक्याला हात लावून जमिनीवर बसला. मामांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते सावकाश चालत आले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "सायेब, समद्यांचं काम मी नासलं." एवढंच म्हणून त्याच टोपीनं त्यांनी डोळे पुसले. मग संगणकाची करामत करणाऱ्या चमूतली, चष्मा लावलेली पुण्याची एक मुलगी पुढं आली. तिनं चित्रीकरण पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाली, "काका, रडताय काय? घोडा झकास पळालाय. मी तुम्हाला पुसून टाकते. कुणाला कळणारही नाही." मामांच्या जिवात जीव आला. "पुसा ताई," ते म्हणाले, "बिनघोर पुसा. कोपार सुदीक ठिवू नका."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण आम्ही घाट उतरून उंब्रजला पोचायच्या आत बातमी मामांच्या गावात पोचली होती, आणि ती अर्धीच पोचली होती. मामा सिनेमात आले, घोडा त्यांना वळसा घालून गेला, एवढं सगळ्यांना कळलं. पुसण्याचं कुणालाच कळलं नाही. मामी दारात उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मामांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी मामांकडं. भर मांडवात तलवारी उपसायला निघालेल्या व्याह्यांना शांत करणारा हा माणूस, त्याला बायकोला एक वाक्य सांगायला जमेना. "तू सांग," ते मला म्हणायचे. "तुमी सांगा," मी म्हणायचो. तोवर मामींनी माहेरी कळवून टाकलं होतं. सिनेमा सांगलीलाच बघायचा, भावाभावजयांच्या मधे बसून. "चित्रात दोगं कवा दिसलोच न्हाई," त्या मला म्हणाल्या. "आता ते येकटं दिसलं तरी बास."

सिनेमा लागला आणि दुपारच्या खेळाला आम्ही क्रूझर भरून सांगलीला गेलो. मामींनी लग्नातला शालू काढला होता. त्यांचे थोरले भाऊ सगळ्या ओळीला सांगत होते, "आमचं दाजी हायती ह्येच्यात." मामा खुर्चीत इतके खाली सरकले होते की नुसती टोपी दिसत होती. मला सिनेमातलं काही दिसलं नाही. मी पुलाची वाट बघत होतो.

पूल आला, पेटला. घोडा माळावर उतरला, शेमला मागं उडत होता, आणि कबूल करायला हवं, दृश्य देखणं होतं. गवत वाऱ्यावर डुलत होतं. गवतात कुणीही नव्हतं. काम चोख झालं होतं. टॉवेलाचं टोक नाही, सावली नाही. थिएटरात शिट्ट्या पडल्या. मामींचे भाऊ म्हणाले, "आगं, कुटं हायती? दिसलं न्हाईत की."

पण मामी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांची नजर कोपऱ्यांतून माणूस शोधायला सरावलेली. माळाच्या मध्यात घोड्यानं झोल घेतला, मोकळ्या गवताला मोठा वळसा घातला आणि पुन्हा सरळ धावू लागला. मामी तशाच उभ्या. मग खाली बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आवं, पुसलं व्हय तुमास्नी?"

"व्हय," मामा म्हणाले. "मीच सांगितलं. समद्यांचं काम नासत हुतं गं."

मामींनी डोळ्याला पदर लावला. मी मान फिरवली. पण मग त्यांचा आवाज आला आणि त्यात हसू होतं. "घोड्याला दिसलासा की पर!"

सिनेमा संपला. माणसं उठली. मामा सरसावून बसले आणि या वेळी मामींनी त्यांना ओढलं नाही, त्याही बसल्या. नावं वर सरकू लागली, सुतार, रंगारी, घोडेवाले, धूरवाला, आणि मग संगणकवाल्यांची न संपणारी रांग. मी त्या मुलीचं नाव दाखवलं. मामा उठून उभे राहिले आणि रिकाम्या थिएटरात त्यांनी टाळ्या वाजवल्या. "लय झ्याक पुसलं पोरीनं," ते म्हणाले. झाडूवाला थांबून बघत राहिला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मी कॅमेरा काढला आणि म्हटलं, आता दोघं उभे राहा. मामा उभे राहिले. खरोखर, ताठ, समोर बघत, टोपी सरळ करून. मामी शेजारी. मी डोळा लावला आणि तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं की क्रूझर मागं घ्यायला जागा नाही. मामा गेले. बटण दाबलं गेलं ते त्यानंतर.

तो फोटो मी मोठा करून दिला. मामींनी तो सोप्यात, जुन्या फोटोच्या शेजारी लावलाय. मला तो बघताना अजून चुटपुट लागते, कारण आणखी एक क्षण मामा थांबले असते तर मामींचं मागणं पुरं झालं असतं. मामींना तसं वाटत नाही. जुन्या फोटोत त्या भेदरून कॅमेऱ्याकडं बघतायत. या फोटोत त्या कॅमेऱ्याकडं बघतच नाहीत. शेजारच्या मोकळ्या पायरीकडं मान वळवून त्या मनापासून हसतायत.